ऐकणाऱ्याचं कोण ऐकतं?

लग्नकार्यात मला हमखास भेटणारा एक प्रश्न आहे. काय करता तुम्ही, असं कुणीतरी विचारतं. मी समुपदेशक आहे म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून तुम्हाला त्रास नाही होत? सवय झाली हो, असं म्हणून मी विषय बदलते. पण खरं सांगायचं तर सवय वगैरे काही होत नाही. घरातली भांडणं, मुलांचे अभ्यास, नोकरीची गाऱ्हाणी ऐकून माणूस दमतो आणि घरी येऊन चहा घेतला की सावरतो. पण समोर बसलेली व्यक्ती खाली मान घालून, आता जगावंसं वाटत नाही असं सांगते, तेव्हा ते वाक्य आपल्याबरोबर घरी येतं. कुकर लावताना, मुलीची वेणी घालताना ते कानाशी असतं. रात्री मोबाइल उशाशी घेऊन झोपायची सवय लागते, आणि तो वाजला नाही तरी जाग येतेच.

सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे येणारी एक मुलगी गेली. तिची ओळख पटेल असं काही मी इथे लिहिणार नाही. पाच महिने ती नेमानं येत होती. पुढच्या भेटीची वेळ घेऊन गेली, आणि तो दिवस यायच्या आतच तिच्या मावशीचा फोन आला.

त्यानंतर तिच्या भेटींच्या नोंदी मी इतक्यांदा वाचल्या की त्या पाठ झाल्या. कुठे चुकलं? काय विचारायचं राहिलं? बरं, हे बोलायचं कुणापाशी? आमच्या कामात समोरच्याचं गुपित घरातही सांगायचं नसतं. नवऱ्याला इतकंच कळत होतं, की हिचं जेवणात लक्ष नाही. पुढे पुढे तर जगणं नकोसं झालेलं कुणी माझ्याकडे आलं, की काहीतरी कारण काढून मी त्यांना दुसऱ्या कुणाकडे पाठवू लागले. वरून ती काळजी दिसायची. आतून ती निव्वळ भीती होती.

अशातच, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले त्या मॅडमनी मला एक लहानसं पुस्तक वाचायला दिलं. व्हिक्टर फ्रँकल यांच्या आठवणींचं. छळछावणीतल्या अनुभवांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं होतं. तुमच्यापैकी अनेकींनी वाचलं असेल, मराठीतही ते आलं आहे. पण छावणीत जाण्याआधी हा माणूस काय करत होता, ते मला नीटसं ठाऊक नव्हतं. मला जे जमेनासं झालं होतं, नेमकं तेच काम ते वर्षानुवर्षं करत होते.

फ्रँकल यांचा जन्म २६ मार्च १९०५ रोजी व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण पैशांअभावी शिक्षण अर्धवट सोडावं लागलं होतं. आई प्रागची, अतिशय मायाळू. तीन भावंडांतला हा मधला मुलगा. चार वर्षांचा असताना एका रात्री झोपेच्या आधी तो दचकून उठला होता. आपणही एक दिवस मरणार, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. मग या जगण्याला अर्थ काय, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मागे लागला तो कायमचा.

शाळेत असतानाच त्यानं थेट सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. १९२४ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, त्याचा लेख फ्रॉइड यांच्या मासिकात छापून आला. पुढे तो आल्फ्रेड अॅडलर यांच्या गटात गेला आणि मतभेद झाले म्हणून १९२७ मध्ये त्या गटातून त्याला काढून टाकण्यात आलं. तोवर तो डॉक्टरही झाला नव्हता.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते त्यांच्या पुढच्या कामाचं. त्या वर्षांत व्हिएन्नात शाळकरी मुलांच्या आत्महत्या वाढल्या होत्या. १९२८ पासून फ्रँकल यांनी तरुणांसाठी मोफत सल्लाकेंद्रं सुरू केली, आधी व्हिएन्नात आणि मग आणखी सहा शहरांत. शार्लट ब्यूलर यांच्यासारखी नामवंत मानसशास्त्रज्ञही त्यांच्या बरोबर होती. १९३० मध्ये त्यांनी शाळांचे निकाल हातात पडतात त्या दिवसांकडे खास लक्ष दिलं. मुलांना तेव्हाच कुणीतरी बोलायला हवं असतं, हे त्यांनी ओळखलं. त्यानंतर कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या शहरात एकाही विद्यार्थ्याची आत्महत्या झाली नाही. आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. दर वर्षी त्या आठवड्यात मला व्हिएन्नाची ती केंद्रं आठवतात. एकट्यानं हे होत नाही, त्यासाठी माणसं जोडावी लागतात, एवढं तेविशीतल्या त्या पोराला कळलं होतं. मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

१९३० मध्ये फ्रँकल डॉक्टर झाले. १९३३ मध्ये त्यांची नेमणूक श्टाइनहोफ मनोरुग्णालयात झाली. व्हिएन्नाच्या पश्चिमेला टेकडीवर, सोनेरी घुमटाच्या चर्चखाली वसलेलं हे मोठं रुग्णालय. तिथे एक स्वतंत्र इमारत फक्त स्त्रियांसाठी होती, जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या किंवा तशी भीती असलेल्या स्त्रियांसाठी. वर्षाला सुमारे ३,००० जणी तिथे यायच्या. म्हणजे रोज आठ-नऊ! १९३७ पर्यंत फ्रँकल यांनी तो विभाग सांभाळला. वय होतं अवघं २८ ते ३२.

हे आकडे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. माझ्या हातून एक गेली तर माझी ही अवस्था. मग या माणसाला रात्री झोप कशी लागायची?

नाहीच लागायची! सुरुवातीच्या दिवसांत त्यांना भयंकर स्वप्नं पडायची. ते वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पहिल्या दिवसाची तर गंमतच आहे. वरिष्ठांनी त्यांना बजावलं होतं, वॉर्डात जाताना चष्मा काढून ठेव, कुणी मारलं तर काचा डोळ्यात जातील. त्यांनी निमूटपणे चष्मा काढला आणि त्यामुळे समोरून आलेला ठोसा दिसलाच नाही. पहिल्याच दिवशी तोंडावर मार खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून ते चष्मा लावून जाऊ लागले. कोण अंगावर येतंय ते निदान दिसायचं तरी आणि वेळेवर बाजूला होता यायचं.

ही गोष्ट मी मनात जपून ठेवली आहे. माझ्या मुलीच्या जाण्यानंतर (पाहा, नकळत मी तिला माझी मुलगी म्हणून गेले) मी चष्मा काढून ठेवला होता. कुणाच्या डोळ्यांत ती छटा दिसली की मी दुसरीकडे बघत होते. तो विषय सरळ विचारायला घाबरत होते. आपण विचारलं तर त्यांच्या डोक्यात नसलेलं घालू की काय, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. तसं होत नाही, हे मी शिकले होते आणि तरीही घाबरत होते.

फ्रँकल थेट विचारत. घरी सोडण्यापूर्वी प्रत्येकीला दोन प्रश्न. अजून जीव द्यावासा वाटतो का? ती नाही म्हणाली, की लगेच दुसरा. का नाही? जिला खरोखर बरं वाटत असे तिच्याकडे उत्तर असायचं. मुलं आहेत, काम आहे, देवावर श्रद्धा आहे, काहीतरी असायचं. जी फक्त सुटका व्हावी म्हणून नाही म्हणालेली असे ती दुसऱ्या प्रश्नाला गडबडायची. मग तिला अजून ठेवून घ्यायचं. विद्यापीठात शिकलेले सिद्धांत त्यांनी बाजूला ठेवले आणि या स्त्रिया काय सांगतात ते ऐकलं. माणसाला जगायला कशाचा तरी अर्थ लागतो, ही त्यांची लोगोथेरपी त्या वॉर्डात घासूनपुसून तयार झाली. तिची पहिली धडे देणारी माणसं म्हणजे त्या हजारो अनाम बायका.

तिथेही हसणं होतंच. वॉर्डातल्या बायकांची भन्नाट वाक्यं ते लघुलिपीत टिपून ठेवत. त्यांचं पुस्तकच करायचा त्यांचा विचार होता. वेडी माणसं खरं बोलतात, अशा अर्थाचं नावही ठरवलं होतं. ते व्यंगचित्रं काढत, कोट्या करत. त्यांनी एक टँगोही रचला होता. आणि सुट्टी मिळाली की डोंगर! मुळात त्यांना उंचीची भीती वाटायची. त्या भीतीपुढे मान तुकवायची नाही म्हणून ते कडे चढायला शिकले आणि ऐंशीव्या वर्षापर्यंत चढत राहिले. दोर धरलेला असताना मनात दुसरं काही येऊ शकत नाही. ज्याच्या डोक्यात आठवडाभर दुसऱ्यांची मरणं घोळतात, त्याला अशी जागा लागतेच.

आणखी एक गोष्ट आम्हा सगळ्या समुपदेशकांना तोंडपाठ आहे. एकदा पहाटे तीन वाजता फ्रँकल यांचा फोन वाजला. पलीकडे एक बाई होती. तिचा जीव द्यायचा निश्चय झाला होता. झोपेतून उठलेल्या फ्रँकल यांनी अर्धा तास तिला एकामागून एक कारणं सांगितली, आणि अखेर सकाळी येऊन भेटायचं तिनं कबूल केलं. ती आल्यावर कळलं, की त्यांच्या एकाही मुद्द्याचा तिच्यावर परिणाम झाला नव्हता. ज्या जगात एक अनोळखी माणूस मध्यरात्री न चिडता अर्धा तास आपलं ऐकून घेतो, त्या जगात राहून पाहावं, असं तिला वाटलं होतं. आपण बोलतो ते फार मोठं नसतं, आपण तिथे असतो ते मोठं असतं. हे कळलं की खांद्यावरचं बरंच ओझं उतरतं.

इथपर्यंत वाचून फ्रँकल म्हणजे देवमाणूस, असं वाटेल. तसं मी म्हणणार नाही. मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. १९४० मध्ये फ्रँकल रॉथशिल्ड रुग्णालयाच्या मज्जासंस्था विभागाचे प्रमुख झाले. ज्यूंना उपचार मिळण्याचं ते शहरातलं शेवटचं ठिकाण उरलं होतं. मनोरुग्णांना मारून टाकण्याची नाझींची मोहीम सुरू होती. फ्रँकल खोटी निदानं लिहून त्यांना वाचवत होते. पण छावणीत पाठवणीची चिठ्ठी आली की लोक घरातच आयुष्य संपवू पाहत. कधी कधी तर एका दिवसात दहा-दहा जणांना रुग्णालयात आणलं जाई. ज्यांची आशा इतर डॉक्टरांनी सोडली होती, अशा बेशुद्ध माणसांच्या मेंदूवर फ्रँकल यांनी शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. ते शल्यविशारद नव्हते. पुस्तक वाचून ते शिकले होते. त्यातून कुणी फार काळ जगलं नाही. पुढे इतिहासकारांनी यावर कठोर टीका केली, आणि ती मला पटते.

त्यांच्याच वॉर्डातल्या एका डॉक्टर बाईंचा या वाचवण्याला विरोध होता. ज्यांना मरणाच्याच दारात पाठवलं जाणार आहे, त्यांना बळंच का परत आणायचं, असं त्यांचं म्हणणं. एक दिवस त्यांच्याच नावाची चिठ्ठी आली. त्यांनीही तोच मार्ग धरला आणि त्यांना त्याच वॉर्डात आणलं गेलं. फ्रँकल यांनी त्यांना वाचवलं. नंतर त्यांना छावणीत नेलंच.

यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच कळतं, की वाचवण्याचाही एक कैफ असतो. समोरचा जगला म्हणजे मी जिंकले, तो गेला म्हणजे मी हरले, असा हिशेब सुरू झाला की समोरचं माणूस दिसेनासं होतं आणि फक्त आपण दिसतो. त्या मुलीच्या नोंदी वाचताना मी तेच करत होते. त्यात ती कमी होती, मीच जास्त होते.

१९४१ मध्ये फ्रँकल यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला. जावं की म्हाताऱ्या आईवडिलांपाशी राहावं? घरात टेबलावर संगमरवराचा एक तुकडा दिसला. नाझींनी पाडलेल्या प्रार्थनामंदिराच्या ढिगाऱ्यातून वडिलांनी तो आणला होता. त्यावर कोरलेलं एकच अक्षर आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेतलं होतं. फ्रँकल राहिले. त्याच वर्षी रुग्णालयातल्या टिली या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. टिलीला दिवस गेले, पण ज्यू स्त्रीला मूल होऊ देणं तेव्हा शक्य नव्हतं. गर्भपात करावा लागला. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी आपलं एक पुस्तक त्या न जन्मलेल्या बाळाला अर्पण केलं.

सप्टेंबर १९४२ मध्ये सगळ्यांना टेरेझिनश्टाटच्या छावणीत नेण्यात आलं. तिथेही फ्रँकल यांनी तेच काम काढलं. नव्यानं आलेली माणसं धक्क्यानं खचून जात, त्यांना आल्या आल्या गाठून धीर द्यायचा. या कामात त्यांच्या बरोबर होती रेगिना योनास. १९३५ मध्ये रब्बी म्हणून दीक्षा मिळालेली जगातली पहिली स्त्री! उतरणाऱ्या माणसांना ती सामोरी जायची आणि त्यांच्याशी बोलायची. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला पाठवलं आणि तिथेच तिचा अंत झाला. युद्धानंतर कित्येक दशकं तिचं नाव कुणी फारसं घेतलं नाही. १९९० च्या दशकात तिची कागदपत्रं उजेडात आली, तेव्हा कुठे जगाला ती कळली. फ्रँकल यांचं नाव घेताना मी आता तिचंही घेते.

वडील टेरेझिनश्टाटमध्येच गेले. त्याच ऑक्टोबरात फ्रँकल यांनाही आउश्वित्झला पाठवलं. टिलीला राहण्याची सवलत होती, तरी ती स्वतःहून त्यांच्या मागे गेली. तिथे दोघांची ताटातूट झाली. कोटात दडवलेलं पुस्तकाचं हस्तलिखित गेलं. पुढच्या छावणीत, टायफसच्या तापात, कागदाच्या कपट्यांवर ते लघुलिपीत पुन्हा लिहून काढत त्यांनी रात्री जागवल्या. २७ एप्रिल १९४५ रोजी सुटका झाली.

व्हिएन्नात परतल्यावर एकेक बातमी कळली. आई आउश्वित्झमध्ये गेली. भाऊ गेला. टिली बेर्गेन-बेल्झनमध्ये गेली. उरली फक्त ऑस्ट्रेलियात निघून गेलेली बहीण. हजारो बायकांना जगण्याचं कारण विचारणारा माणूस आता स्वतः त्या प्रश्नासमोर उभा होता. एका जुन्या मित्रापाशी जाऊन ते ढसाढसा रडले. हा आता जगेल ना, अशी भीती मित्रांना होती. दुसऱ्या एका मित्रानं कोऱ्या कागदावर त्यांची सही घेतली, नोकरीचा अर्ज स्वतःच भरला आणि पाठवला. आधी ते पुस्तक पुन्हा लिहून पूर्ण करायचं, तोवर मरायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मग अवघ्या नऊ दिवसांत त्यांनी छावणीवरचं पुस्तक सांगून लिहून घेतलं. तेही आधी स्वतःचं नाव न घालता छापायचं ठरवून. १९४६ मध्ये ते निघालं आणि पुढे जगभर लाखो प्रती खपल्या.

१९४६ पासून २५ वर्षं ते व्हिएन्नाच्या पॉलिक्लिनिकमध्ये विभागप्रमुख होते. तिथेच दंत विभागात काम करणारी एली त्यांना भेटली. एका रुग्णासाठी खाट मिळेल का, हे विचारायला ती आली होती. १९४७ मध्ये लग्न झालं, मुलगी झाली. एली कॅथलिक, हे ज्यू, आणि संसार पन्नास वर्षांचा. सदुसष्टाव्या वर्षी ते विमान चालवायला शिकले. शेवटच्या काळात दृष्टी गेली, तेव्हा एली त्यांना वाचून दाखवायच्या. २ सप्टेंबर १९९७ रोजी, ९२ व्या वर्षी ते गेले. तो आठवडा तुम्हाला आठवत असेल. दोन दिवस आधी राजकन्या डायना गेली होती आणि तीन दिवसांनी मदर तेरेसा गेल्या. त्या गदारोळात ही बातमी आपल्यापर्यंत फारशी पोचलीच नाही.

मैत्रिणींनो, या सगळ्या आयुष्यात माझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली, सांगू? तो कोरा कागद. अर्थ सापडला म्हणजे माणूस तरतो हे खरंच, पण तो सापडेपर्यंत कुणीतरी आपल्या जागी अर्ज भरावा लागतो. फ्रँकल यांच्यासारख्या माणसालाही ते लागलं. मग मला लागलं तर त्यात कमीपणा कसला?

पुस्तक परत करायला गेले तेव्हा मॅडमसमोर मी पहिल्यांदा रडले. त्यांनी चूक-बरोबर काही काढलं नाही. फक्त म्हणाल्या, दर पंधरा दिवसांनी यायचं. आता आम्ही चौघी जमतो. कुणाचं नाव घेत नाही, ओळख सांगत नाही, पण आपलं काय होतंय ते बोलतो. जगणं नकोसं झालेल्या माणसांना मी पुन्हा भेटू लागले आहे. थेट विचारते. कठीण क्षण आला तर कुणाला फोन करायचा, घरातलं कोण जवळ राहील, हे त्यांच्याबरोबर बसून कागदावर लिहून काढते. औषधाची गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. अशी जोखमीची माणसं एका वेळी किती घ्यायची, याला मर्यादा घातली आहे. रविवारी पहाटे टेकडी चुकवत नाही. रात्री जाग येते अजून, पण रोज नाही.

हे फक्त आम्हा समुपदेशकांपुरतं नाही. तुमच्यापैकी कुणीतरी आज एखाद्या बहिणीला, मैत्रिणीला, मुलाला असंच धरून उभी असेल. रात्र-रात्र फोनवर बोलत असेल, आणि कुणाला सांगू नकोस अशी शपथ तिला घातली गेली असेल. ती शपथ मोडा. एकटीनं धरू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येतं. तो जसा त्यांच्यासाठी आहे तसा तुमच्यासाठीही आहे.

त्या मुलीच्या मावशींना मी मागच्या वर्षी फोन केला. पाच वर्षं धीर झाला नव्हता. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी घरी बोलावलं, पोहे केले, आणि दोन तास तिच्याबद्दल बोलत राहिल्या. ती लहानपणी कशी हट्टी होती, गाणं कसं म्हणायची. मी काहीच बोलले नाही. नुसतं ऐकलं.